एडिनबराचा ऑगस्ट: महोत्सवाला जाण्याआधी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एडिनबरा फेस्टिव्हल म्हणजे नेमका कुठला महोत्सव?

या नावाचा एकच महोत्सव नाही, आणि बहुतेक गोंधळ इथूनच सुरू होतो. ऑगस्टमध्ये स्कॉटलंडच्या या राजधानीत एकाच वेळी अनेक महोत्सव चालतात. त्यांच्या संस्था, तिकिटं आणि निवडीच्या पद्धती सगळ्या वेगळ्या.

पहिला एडिनबरा इंटरनॅशनल फेस्टिव्हल. इथे येणारे वाद्यवृंद, ऑपेरा, नृत्य आणि नाटकं निमंत्रणावरूनच येतात. कार्यक्रम संचालक ठरवतात. ऑक्टोबर २०२२ पासून ही जबाबदारी व्हायोलिनवादक निकोला बेनेडेट्टी यांच्याकडे आहे. दुसरा फ्रिंज. इथे कोणी कोणाला निवडत नाही. जागा मिळवा, नोंदणीचे पैसे भरा आणि प्रयोग करा, एवढाच नियम. बाकी किल्ल्यासमोरचं लष्करी संचलन 'टॅटू' (१९५० पासून), पुस्तक महोत्सव (१९८३ पासून), चित्रपट महोत्सव (१९४७ पासून) आणि कला महोत्सव.

म्हणून 'फेस्टिव्हलची तिकिटं कधी निघतात?' याला एक उत्तर नाही. टॅटूची विक्री आदल्या वर्षीच्या शरद ऋतूत सुरू होते, इंटरनॅशनलचा कार्यक्रम साधारण मार्चमध्ये जाहीर होतो, फ्रिंजची संपूर्ण यादी जूनच्या सुरुवातीला येते, तरी काही प्रयोग त्याआधीच टप्प्याटप्प्याने विक्रीला निघतात. पुस्तक महोत्सवाचा कार्यक्रमही जूनमध्ये येतो.

फ्रिंज हे नाव कुठून आलं?

१९४७ साली दुसऱ्या महायुद्धाची झळ ताजी असताना, ऑस्ट्रियात जन्मलेले ऑपेरा व्यवस्थापक रुडॉल्फ बिंग यांच्या कल्पनेतून पहिला महोत्सव भरला. नाझींमुळे देश सोडावा लागलेले संगीतसंचालक ब्रुनो वॉल्टर आणि त्यांचा जुना व्हिएन्ना फिलहार्मोनिक वाद्यवृंद त्या वर्षी इथे पुन्हा एकत्र आले. युद्धाने तोडलेली माणसं कलेने जोडावी, हा हेतू त्यातून दिसतो.

त्याच वर्षी आठ नाटकमंडळ्या आमंत्रण नसताना आल्या आणि मिळेल त्या जागेत प्रयोग करू लागल्या. त्यातली एक तर शहराबाहेर डनफर्मलिनच्या मठात खेळत होती. १९४८ मध्ये नाटककार-पत्रकार रॉबर्ट केम्प यांनी अधिकृत महोत्सवाच्या 'कडेला', म्हणजे 'फ्रिंज'वर, चाललेल्या या नाटकांबद्दल लिहिलं आणि तो शब्द चिकटला. आज ही कडाच मूळ वस्त्राच्या कितीतरी पट मोठी झाली आहे: २०१९ मध्ये फ्रिंजमध्ये ३,८०० हून अधिक कार्यक्रम होते.

तारखा कोणत्या? कोणता आठवडा निवडावा?

२०२६ मध्ये फ्रिंज ७ ते ३१ ऑगस्ट आणि इंटरनॅशनल ७ ते ३० ऑगस्ट आहे. फ्रिंज साधारणपणे ऑगस्टच्या शेवटच्या सोमवारी संपतो, कारण इंग्लंडमध्ये त्या दिवशी बँकेची सुट्टी असते. स्कॉटलंडमध्ये ती नसते, पण पाहुण्यांचा मोठा लोंढा इंग्लंडमधूनच येतो.

पहिले दोन-तीन दिवस 'प्रिव्ह्यू'चे. तिकीट स्वस्त, पण प्रयोग अजून बसलेला नसतो. प्रकाशाच्या खुणा चुकतात, नटांना जागेचा अंदाज आलेला नसतो. पहिल्या सोमवारी आणि मंगळवारी बहुतेक मोठ्या ठिकाणी एका तिकिटावर दोन जण अशी योजना असते. पैसे जपायचे असतील तर हे दोन दिवस गाठा. ऑगस्टच्या मध्याला एडिनबराच्या शाळा सुरू होतात, त्यामुळे मुलांच्या कार्यक्रमांतली गर्दी त्यानंतर ओसरते. शेवटच्या आठवड्यात प्रयोग सर्वांत घोटलेले असतात. पण ज्यांचं नाव झालेलं असतं ते हाऊसफुल, आणि कलाकारांचे घसेही बसलेले.

तीन ते पाच दिवस राहणार असाल तर दुसऱ्या आठवड्यातले सोमवार ते गुरुवार घ्या. तोवर परीक्षणं आलेली असतात, कुठलं नाटक पाहण्यासारखं आहे हे शहरात तोंडी पसरलेलं असतं आणि शनिवार-रविवारची रेटारेटीही टळते. काही कलाकार आठवड्यात एक दिवस सुट्टी घेतात, बऱ्याचदा सोमवारी किंवा मंगळवारी. ज्या एका कार्यक्रमासाठी तुम्ही निघाला आहात त्याच्या सुट्टीचा वार आधी बघा.

तिकिटं आधी काढावीत की तिथे जाऊन?

टॅटू, इंटरनॅशनलमधले ऑपेरा, नामांकित वाद्यवृंद आणि टीव्हीवरून प्रसिद्ध असलेले विनोदवीर यांची तिकिटं घरूनच काढा. बाकीचा फ्रिंज अर्धा मोकळा ठेवा.

कारण साधं आहे. पन्नास-साठ खुर्च्यांच्या खोलीतलं, कोणीही नाव न ऐकलेलं नाटक जूनमध्ये यादी वाचून ओळखता येत नाही. सगळी जाहिरात एकाच सुरात असते. ते कळतं रांगेत. शेजारी उभ्या असलेल्याला 'काय पाहिलंत, काय आवडलं?' असं विचारणं इथे अगदी रीतसर मानलं जातं, आणि तीन अनोळखी माणसांनी एकच नाव घेतलं तर ते तिकीट लगेच काढावं. दिवसाचे दोन प्रयोग पक्के आणि एक-दोन जागा रिकाम्या, हा हिशोब बहुतेकांना मानवतो.

फ्रिंजची तिकिटं मोबाइलवर येतात. तळघरात नेटवर्क जातं, म्हणून रांगेत लागण्याआधी तिकीट उघडून त्याचा स्क्रीनशॉट घेऊन ठेवा. साधारण तिकीट १० ते २० पौंडांचं. प्रयोग रद्द झाला तरच पैसे परत. तुम्हाला उशीर झाला म्हणून नाही.

खरोखर फुकट काही आहे का?

बरंच आहे. फ्रिंजमध्ये पबच्या वरच्या मजल्यांवर आणि मागच्या खोल्यांत 'फ्री फ्रिंज'चे शेकडो कार्यक्रम होतात. तिकीट नसतं, पण शेवटी कलाकार दारात बादली घेऊन उभा राहतो. त्याची कमाई तीच. तासभर मनापासून हसला असाल तर पाच ते दहा पौंड टाकावेत. आता बऱ्याच जणांकडे कार्डाचं यंत्रही असतं. आवडलं नाही तर काही न देता निघालं तरी कोणी अडवत नाही. जागा मात्र आधी येणाऱ्याला मिळते, त्यामुळे वीस मिनिटं आधी पोचा.

रॉयल माइलवर हाय स्ट्रीटचा भाग वाहनांसाठी बंद असतो आणि तिथे रस्त्यावरचे कलावंत ठरवून दिलेल्या वेळांत खेळ करतात. राष्ट्रीय कलादालन आणि चेंबर्स स्ट्रीटवरचं राष्ट्रीय संग्रहालय बाराही महिने विनामूल्य आहे. पाऊस कोसळतोय आणि पुढच्या प्रयोगाला दीड तास आहे, अशा वेळी संग्रहालयाच्या उंच काचेच्या छताखालच्या दालनात बसण्यासारखी दुसरी जागा नाही.

एका दिवसात किती प्रयोग पाहता येतात?

फ्रिंजचा प्रयोग ५० ते ६० मिनिटांचा, मध्यंतराविना. कागदावर सहा-सात सहज बसतात. प्रत्यक्षात तीन उत्तम, चार शक्य, आणि पाचव्याला डोळे मिटतात.

फसतं ते चालण्याच्या वेळेमुळे. फ्रिंजच्या छोट्या खोल्यांत उशिरा आलेल्याला आत घेत नाहीत. प्रवेशाचा रस्ता रंगमंचावरूनच जातो, त्यामुळे त्यांचाही नाइलाज असतो. शिवाय खुर्च्यांना नंबर नसतात. वेळेवर पोचलात तरी रांगेत शेवटी असाल तर खांबामागे बसाल. एक प्रयोग संपल्यापासून दुसरा सुरू होईपर्यंत, भाग तोच असेल तर ३० मिनिटं आणि वेगळा असेल तर किमान ४५ मिनिटं ठेवा.

नकाशावर तर सगळं जवळजवळ दिसतं. मग एवढा वेळ का लागतो?

कारण एडिनबरा सपाट नाही, आणि नकाशा सपाट असतो.

जुनं शहर किल्ल्यापासून हॉलिरूड राजवाड्यापर्यंत उतरत जाणाऱ्या एका कण्यावर वसलं आहे. तो कणा म्हणजे रॉयल माइल, सुमारे १.८ किलोमीटर. त्याच्या दोन्ही बाजूंना खोल उतार. पुढे या दऱ्यांवर पूल बांधले गेले आणि पुलांच्या दोन्ही कडांना इमारती उभ्या राहिल्या, इतक्या दाट की आपण पुलावरून चालतोय हे कळतही नाही. साउथ ब्रिजला एकोणीस कमानी आहेत. उघड्यावर दिसते ती एकच, काउगेटवरची.

परिणाम असा: फोनवर साउथ ब्रिज आणि काउगेट एकमेकांना छेदताना दिसतात, निळा ठिपका म्हणतो 'पोचलात', आणि नाट्यगृहाचं दार तुमच्या पायाखाली कित्येक मजले खाली असतं. उतरायला 'क्लोज' शोधावा लागतो. क्लोज म्हणजे दोन इमारतींमधला अरुंद बोळ, बहुधा पायऱ्यांचा. काउगेटवरच्या ठिकाणाला जाताना पत्ता बघण्याआधी रस्ता वरचा की खालचा हे बघा. महोत्सवात रस्ता चुकलेल्यांतले कितीतरी जण योग्य जागी, पण चुकीच्या मजल्यावर उभे असतात.

ठिकाणांचे साधारण पाच पुंजके धरा. ब्रिस्टो स्क्वेअर आणि जॉर्ज स्क्वेअर, म्हणजे विद्यापीठाचा परिसर, फ्रिंजचं सर्वांत दाट केंद्र. त्याच्या दक्षिणेला मेडोज मैदानाच्या टोकाशी समरहॉल, जे पूर्वी पशुवैद्यक महाविद्यालय होतं. प्रायोगिक नाटकासाठी इथे डोळे झाकून जावं. पूर्वेला प्लेझन्स कोर्टयार्ड. मध्ये रॉयल माइल आणि काउगेट. पश्चिमेला लोदियन रोडजवळ अशर हॉल हे संगीताचं सभागृह आणि लायसियम व ट्रॅव्हर्स ही नाट्यगृहं अगदी शेजारी-शेजारी उभी आहेत. समरहॉलहून ट्रॅव्हर्सला पायी वीस ते पंचवीस मिनिटं. प्लेझन्सहून त्याहून जास्त, आणि चढ वेगळा. सकाळ एका पुंजक्यात, संध्याकाळ दुसऱ्यात, एवढीच शिस्त पाळली तरी दिवस सुरळीत जातो.

नमुन्याचा दिवस: ११ वाजता क्वीन्स हॉलला इंटरनॅशनलची सकाळची मैफल (पूर्वीचं चर्च, सुमारे ९०० आसनं), तिथून पाच-सात मिनिटांवर समरहॉलला दुपारचं नाटक, जेवण, जॉर्ज स्क्वेअरमध्ये चारच्या सुमाराचं काहीतरी अनोळखी, मग मेडोजमधून चालत साडेसातला अशर हॉल. दारूच्या कारखानदाराच्या देणगीतून उभं राहिलेलं आणि १९१४ मध्ये उघडलेलं हे सभागृह सुमारे २,२०० श्रोत्यांचं आहे. वरच्या गॅलरीत तिकीट स्वस्त आणि आवाज सुरेख.

राहण्याचं काय? दर पाहून धक्का बसला.

ऑगस्टमध्ये दर इतर महिन्यांच्या दुप्पट-तिप्पट होतात. जानेवारी ते मार्चमध्ये आरक्षण केलं तर निवड उरते. जूनमध्ये जे उरतं ते महाग किंवा लांब असतं. विद्यापीठाच्या वसतिगृहांतल्या खोल्या उन्हाळ्यात पाहुण्यांना देतात, त्यात पोलॉक हॉल्स ठिकाणांपासून चालण्याच्या अंतरावर आहे.

२४ जुलै २०२६ पासून शहरात मुक्कामावर ५ टक्के पर्यटक कर लागतो, सलग पहिल्या पाच रात्रींपर्यंत. खोलीचा दर बघताना तो धरला आहे की वर आहे हे तपासा.

शहराबाहेर राहायचं तर लीथ (ट्रॅमवर), मसलबरा (बस किंवा रेल्वे), किंवा फोर्थ खाडीपलीकडचं डनफर्मलिन. ग्लासगो रेल्वेने सुमारे ५० मिनिटांवर आहे आणि तिथले दर पुष्कळ वेळा निम्मे असतात. पण मग रात्री दहानंतरचे प्रयोग सोडावे लागतात, आणि फ्रिंजचा एक मोठा आनंद त्यांतच आहे. शेवटच्या गाडीची वेळ तिकीट काढतानाच बघून ठेवा.

पोचायचं आणि फिरायचं कसं?

लंडनच्या किंग्ज क्रॉसहून वेव्हर्ली स्थानक रेल्वेने साधारण साडेचार तास. विमानतळाहून ट्रॅम किंवा बस, अर्ध्या तासाच्या आसपास. ट्रॅममध्ये चढण्याआधी फलाटावरच तिकीट काढायचं किंवा कार्ड टेकवायचं असतं. शहरातल्या बसमध्ये रोख दिलीत तर सुटे परत मिळत नाहीत. संपर्कविरहित कार्ड टेकवलं की दिवसाच्या कमाल भाड्यापुढे पैसे कापले जात नाहीत. महोत्सवाच्या भागात मात्र पायच सर्वांत वेगवान. टॅक्सी गर्दीत अडकते.

भारतातून जायचं तर व्हिसा?

ब्रिटनचा साधा पर्यटक व्हिसा, सहा महिन्यांचा. प्रवासाच्या तीन महिने आधीपासून अर्ज करता येतो, निर्णयाला साधारण तीन आठवडे लागतात. मुंबई आणि पुण्यात बोटांचे ठसे देण्याची केंद्रं आहेत. शेंगेन व्हिसा इथे चालत नाही आणि ब्रिटनचा व्हिसा पॅरिसला चालत नाही. युरोप सहलीला एडिनबरा जोडणाऱ्यांचा घोळ इथेच होतो. ऑगस्टच्या सहलीचा अर्ज मेमध्ये टाका. जुलैत टाकला तर निर्णय आणि विमान यांची शर्यत लागते.

कपडे काय घ्यावेत? ऑगस्ट म्हणजे उन्हाळाच ना?

दिवसाचं कमाल तापमान सरासरी १९ अंश, रात्री ११ च्या आसपास. महाबळेश्वरचा थंड दिवस समजा, वर वारा. पाऊस आपल्यासारखा धो-धो नसतो. दिवसातून चार वेळा येतो आणि जातो. समुद्रावरून 'हार' नावाचं धुकं चढलं की दुपारीही थंडी वाजते.

छत्री आणू नका. वाऱ्यात ती उलटते आणि गर्दीत दुसऱ्याच्या डोळ्यात जाते. टोपीचं पावसाळी जॅकेट घ्या. आत मात्र उलट प्रकार: दगडी तळघरात साठ माणसं, तापलेले दिवे, हवा खेळती नाही. वीस मिनिटांत घाम फुटतो. म्हणून पातळ कपड्यांचे तीन थर, पटकन काढता-घालता येतील असे. बूट चिकट तळाचे हवेत. ओल्या फरशीबंद रस्त्यांवर चपला आणि गुळगुळीत सोल घसरतात.

श्रावण पाळतो. शाकाहारी जेवण मिळेल?

सहज. ब्रिटनमध्ये शाकाहारी आणि व्हीगन पदार्थांवर ठळक खुणा असतात आणि महोत्सवाच्या आवारांतल्या गाड्यांवरही तसे पदार्थ मिळतात. 'हॅगिस' हा मेंढीच्या अवयवांचा स्कॉटिश पदार्थ शाकाहारी रूपातही सर्वत्र मिळतो: डाळी, ओट आणि मिरीचा, आणि तो खरंच चवदार असतो. निकोल्सन स्ट्रीटच्या परिसरात भारतीय आणि पाकिस्तानी खाणावळी आहेत. सेंट अँड्र्यू स्क्वेअरला मुंबईच्या इराणी हॉटेलांच्या धर्तीवरचं 'डिशूम' आहे. संध्याकाळी रांग असते, सकाळी नाश्त्याला जा.

कांदा-लसूण वर्ज्य असेल तर बाहेर अवघड आहे. स्वयंपाकघर असलेली खोली घ्या. एक सावधगिरी: चीजमध्ये प्राणिज रेनेट (दूध साकळवायला वापरलेलं, प्राण्यांच्या पोटातून काढलेलं द्रव्य) असू शकतं, त्यामुळे वेष्टनावर 'व्हेजिटेरियन' लिहिलेलं बघा. नळाचं पाणी उत्तम आहे, बाटली विकत घेण्याचं कारण नाही.

आई-बाबा सोबत आहेत. इंग्रजी फारसं समजत नाही आणि गुडघे दुखतात. काय दाखवावं?

विनोदाचे कार्यक्रम टाळा. शब्दखेळ आणि स्कॉटिश उच्चार यांत तरबेज इंग्रजीवालेही अडखळतात. संगीत, नृत्य, सर्कस आणि मूकनाट्य निवडा. ग्रासमार्केटमधलं डान्स बेस केवळ नृत्याला वाहिलेलं आहे. क्वीन्स हॉलची सकाळची मैफल ज्येष्ठांना विशेष आवडते, कारण बैठक आरामात, आवाज ध्वनिक्षेपकाविना, आणि दुपारपर्यंत मोकळीक.

टॅटू नक्की दाखवा, पण तयारीने. किल्ल्यासमोरच्या पटांगणात सुमारे ८,८०० प्रेक्षक उघड्यावर बसतात, पाऊस आला म्हणून कार्यक्रम थांबत नाही, छत्री उघडता येत नाही आणि मध्यंतर नाही. प्लास्टिकचा रेनकोट, बसायला जाड काहीतरी, आणि आधी स्वच्छतागृह. आसनांपर्यंत जिने चढावे लागतात. तिकीट काढताना कमी पायऱ्यांची जागा मागा.

फ्रिंज आणि इंटरनॅशनल दोन्हींकडे अपंग आणि ज्येष्ठांसाठी वेगळी आरक्षण सेवा आहे. त्या सेवेतून तिकीट काढलं की चाकाची खुर्ची, पायऱ्या, सोबत्याची जागा यांची व्यवस्था आधीच होते. नेहमीच्या संकेतस्थळावरून तिकीट काढून दारात विनंती केली तर जुन्या इमारतीत कर्मचाऱ्यांचेही हात बांधलेले असतात, कारण तिथे लिफ्टच नसते.

परीक्षणांतल्या ताऱ्यांवर विश्वास ठेवावा का?

पोस्टरवर चिकटवलेले पाच तारे कोणी दिले हे आधी वाचा. फ्रिंजमध्ये लहानमोठी असंख्य नियतकालिकं आणि संकेतस्थळं तारे वाटतात. 'द स्कॉट्समन' हे दैनिक आणि 'द लिस्ट' हे नियतकालिक यांची परीक्षणं तुलनेने कसाची. स्कॉट्समनचा 'फ्रिंज फर्स्ट' पुरस्कार १९७३ पासून नव्या नाट्यलेखनाला दिला जातो. तो आठवड्याला जाहीर होतो आणि जाहीर होताच त्या नाटकांची तिकिटं संपतात. नव्या लेखनाची आवड असेल तर यादी जाहीर झाल्याच्या तासाभरात तिकीट काढा.

आणि तरीही रोज एक प्रयोग असा बघा ज्याबद्दल तुम्ही काहीही वाचलेलं नाही. नोंदणीला चाळणी नसल्यामुळे इथे खूप वाईटही पाहायला मिळतं हे खरं. पण जे अजून कोणी हेरलेलं नाही ते पहिल्यांदा पाहण्याची शक्यताही त्याच मोकळीकीतून येते. ब्रिटिश नाटककार टॉम स्टॉपर्डचं नाव झालं ते १९६६ मध्ये इथे विद्यार्थ्यांनी केलेल्या प्रयोगानंतरच.

भारतीय कला इथे कधी आली?

१९६३ च्या इंटरनॅशनल महोत्सवात एम. एस. सुब्बुलक्ष्मींचं गायन, बालसरस्वतींचं भरतनाट्यम् आणि रविशंकरांची सतार अशी भारतीय कलेची भक्कम मांडणी झाली होती. पाश्चात्त्य श्रोत्यांत सतारीची लाट येण्याआधीची ही गोष्ट.

आमचा मराठी नाटकाचा संच आहे. फ्रिंजला प्रयोग करता येईल का?

येईल. परवानगी कोणाची लागत नाही, मजकूर कोणी तपासत नाही. अडतं ते पैशांवर आणि वेळेवर, म्हणून हे उत्तर जरा लांब आहे.

आधी लांबी. ठिकाणं एकाच खोलीत दिवसाला आठ-दहा कार्यक्रम लावतात. तुम्हाला मिळतो तासाचा तुकडा, त्यातही प्रयोग ५० ते ५५ मिनिटं, कारण आधीच्यांनी आवरणं, तुम्ही मांडणं आणि प्रेक्षक बसवणं हे सगळं मधल्या १०-१५ मिनिटांत. दोन अंकी नाटक कापत बसू नका. एकांकिकेचा आवाका बरोबर बसतो. स्पर्धेत मिनिटामिनिटाला नेपथ्य लावून उचललेल्या मुलांना ही शिस्त नवी नाही. नेपथ्य दोन बॅगांत मावलं पाहिजे. प्रकाशयोजना सामायिक असते, तुम्ही दिवे हलवू शकत नाही, आणि तांत्रिक तालमीला काही तासच मिळतात.

भाषा. मराठीत करा, पण इंग्रजी उपशीर्षकं दाखवा. त्यासाठी प्रोजेक्टर आणि पडद्याची जागा ठिकाणाशी करार करतानाच लिहून घ्या. प्रत्येक संवाद भाषांतरित करू नका. प्रेक्षक वाचत राहतो आणि नट दिसेनासा होतो. निम्मा मजकूर पुरतो. उपशीर्षकं बदलणारा माणूस नाटक पाठ असलेला हवा, कारण नटाने ओळ गाळली की त्यालाच सावरायचं असतं.

हिशोब. ठिकाणाशी करार बहुधा टक्केवारीवर होतो, ६० टक्के मंडळीला आणि ४० टक्के ठिकाणाला, अनेकदा किमान हमी रकमेसह. उदाहरण मांडून बघा: ६० आसनं, २२ प्रयोग, १२ पौंड तिकीट. एकूण १,३२० आसनांपैकी ४० टक्के भरली तर ५२८ तिकिटं, ६,३३६ पौंड. तिकिटात २० टक्के व्हॅट धरलेला असेल तर तो वजा करून ५,२८० उरतात. तुमचे ६० टक्के म्हणजे ३,१६८, आणि त्यातून तिकीटविक्रीचं कमिशन अजून जायचं आहे. सहा जणांची विमानं, महिन्याचं घरभाडं, नोंदणीचे काही शे पौंड, विमा, पत्रकं आणि पोस्टर यांच्यापुढे ही रक्कम तोकडी आहे. वर ती हातात पडायला शरद ऋतू उजाडतो. म्हणून पूर्ण महिना करू नका. एक आठवडा, सहा-सात प्रयोग, तीन-चार माणसांचा संच आणि आधी जमवलेला निधी, हे झेपणारं आहे. हमी रक्कम असलेला करार सही करण्याआधी 'एकही तिकीट विकलं गेलं नाही तर आम्ही किती देणं लागतो?' हा प्रश्न लेखी विचारा.

वेळापत्रक: ठिकाणांना अर्ज नोव्हेंबर-डिसेंबरपासून, नोंदणी वसंतापर्यंत, छापील यादीची मुदत त्याच सुमाराला. ती चुकली तरी प्रयोग करता येतो, पण छापील पुस्तिकेत नाव नसतं.

व्हिसा: फ्रिंज आणि इंटरनॅशनल ब्रिटन सरकारच्या 'परमिट फ्री' महोत्सवांच्या यादीत येतात. त्यामुळे नोंदणी केलेल्या कलाकाराला पर्यटक व्हिसावर मानधन घेऊन प्रयोग करता येतो. नोंदणीनंतर मिळणारं आयोजकांचं पत्र अर्जाला जोडा. ते नसेल तर अर्ज अडकतो.

प्रेक्षक आपोआप येत नाहीत. रोज दोन-तीन तास रॉयल माइलवर पत्रकं वाटावी लागतात, तीही पोशाखात, आणि एका वाक्यात नाटक सांगता आलं पाहिजे. ते वाक्य इथूनच तयार करून न्या. 'मराठी नाटक' एवढं सांगून परका माणूस थांबत नाही; गोष्ट कशाची आहे हे सांगितलं तर थांबतो.

वाद्यं नेताना काय काळजी घ्यावी?

सतार किंवा तानपुऱ्याची घोडी सांबरशिंगाची असेल तर ती बदलून कृत्रिम पदार्थाची बसवा. सांबरशिंग वन्यजीव कायद्याखाली येतं आणि ते देशाबाहेर नेता येत नाही. हस्तिदंताची नक्षी असलेलं जुनं वाद्य तर नेऊच नका. महागड्या वाद्यांसाठी आणि उपकरणांसाठी निघताना भारतीय विमानतळावर सीमाशुल्काचं निर्यात प्रमाणपत्र घ्या, म्हणजे परतताना ती वस्तू नवी आणली असा संशय येत नाही.

तबला-पखवाजाची पुडी दमट तळघरात उतरते, दिव्यांखाली तापली की चढते. मंचावर सूर लावायला वेळ नसतो, म्हणून त्याच स्वराचा जादा तबला तयार ठेवा. हार्मोनियम विमानाच्या सामानात टाकणार असाल तर भाता पट्ट्याने घट्ट बांधा आणि सुरांखाली फोम भरा.

मुलांना नेता येईल का?

हो. प्रत्येक कार्यक्रमापुढे वयोमर्यादा लिहिलेली असते आणि ती गांभीर्याने घ्यावी. फ्रिंजमध्ये सेन्सॉर नाही. रात्रीच्या पबमधल्या कार्यक्रमांना अठराखालील मुलांना प्रवेश मिळत नाही. सकाळी दहा ते दुपारी दोनपर्यंतचा वेळ मुलांचा. किल्ल्याजवळ असाल तर त्यांना आधी सांगून ठेवा: रविवार सोडून रोज दुपारी एकला तोफ डागली जाते.

जाणं शक्य नाही. घरून काही पाहता येईल?

पुस्तक महोत्सव आपले बरेच कार्यक्रम ऑनलाइन दाखवतो, 'जमेल तेवढे द्या' या तत्त्वावर. २०२४ पासून तो जुन्या रॉयल इन्फर्मरीच्या इमारतीत भरतो. ऑगस्टमध्ये तिथली संध्याकाळची सात म्हणजे आपली रात्रीची साडेअकरा. दुपारचे कार्यक्रम निवडले तर जागरण होत नाही.

परतताना स्कॉटिश नोटा उरल्या तर?

स्कॉटलंडमध्ये तीन बँका स्वतःच्या नोटा छापतात. त्या पौंडच आहेत, पण लंडनमधला दुकानदार कधी कधी त्या घ्यायला कचरतो, आणि मुंबई-पुण्यातले चलन बदलून देणारे बऱ्याचदा नाकारतात. एडिनबरा सोडण्याआधी त्या खर्च करा, किंवा बँकेत जाऊन बँक ऑफ इंग्लंडच्या नोटा मागून घ्या. शेवटच्या दिवशी उरलेली नाणी फ्री फ्रिंजच्या बादलीत टाकलीत तर ती थेट कलाकाराच्या हाती जातात.